शुक्रवारीत

दांडिया बाजारात होमिओपॅथीच्या दवाखान्याबाहेर
साखळी घालून लावली होती.
आत साबुदाण्याच्या गोळ्या मोजून घेईपर्यंत
बाहेर साखळी दोन तुकड्यांत,
कुलूप मात्र नीट बंद.
किल्ली माझ्या मुठीत.

चौकीवरचे जमादार राठवा भले गृहस्थ.
"रंग?"
मूळचा हिरवा, म्हटलं.
"अने अत्यारनो?"
ह्यावर मला थांबावं लागलं.
बिल होतं, ब्याण्णव सालचं.
त्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात.
फ्रेमचा नंबर गंजाने खाल्लेला,
शेवटचे चार आकडे उरलेले.
गोत्र सांगावं तसे ते सांगितले.
त्यांनी लिहून घेतले, चहा पाजला,
आणि दारापर्यंत येऊन हळूच म्हणाले,
"शुक्रवारे वहेलां जजो, बेन."
पोलिसाने असं सांगावं का, माहीत नाही.
सांगितलं खरं.

शुक्रवारी बाजारात पाती नसलेले पंखे,
एकेकटे बूट,
कुणा वकिलाची पितळी पाटी, नावासकट,
आणि लिंबाला टेकून
ती.
लेडीज, बावीस इंची. काळी केलेली.
रंगाचा वास अजून गेला नव्हता.
पण कॅरिअरवर डाव्या अंगाला
मेण लावलेल्या दोऱ्याची गाठ होती,
छापखान्यातून फर्मे आणताना सरकू नयेत म्हणून
मीच मारलेली.
रंगाऱ्याने तिच्यावरूनही ब्रश फिरवला होता.
गाठ ती गाठ.
अशी फक्त बाइंडर मारतात,
आणि बाइंडर आता राहिलेत किती.

चोर चोर म्हणून ओरडायचं ठरवून आले होते.
तोंडातून निघालं, "केटलानी?"
"चौदसो."

मग मी माझ्याच सायकलची निंदा सुरू केली.
ब्रेक नावाला. सीट उसवलेली.
तिसऱ्या पेडलला चेन उतरत असणार.
"तमने केम खबर?"
दिसतंय की, म्हटलं.
आणि तो, भीखाभाई,
तिच्या बाजूने उभा राहिला.
"लोढुं जुओ, बेन, लोढुं.
आवी फ्रेम हवे नथी बनती.
जेनी हशे एणे साचवीने वापरी छे.
एक वार पण पछाडी नथी."

एकतीस वर्षांत माझ्या वापरण्याबद्दल
कुणी एवढं बोललं नव्हतं.
आठशेवर अडून बसले होते मी,
ऐकता ऐकता नऊशे म्हणून गेले.

सौद्यात कुणी असं वर चढतं?
त्याने चमकून पाहिलं.
माझ्याकडे, मग कॅरिअरकडे,
मग माझ्या पिशवीच्या बंदाकडे,
जो गेल्या पावसाळ्यात तुटला होता
आणि मी सांधला होता,
त्याच दोऱ्याने, त्याच गाठीने.

"साडा सातसो," तो म्हणाला
आणि पंखे पुसायला लागला.
"में पण खरीदेली ज छे, बेन."
मीसुद्धा, म्हटलं.

तिसऱ्या पेडलला चेन उतरली नाही.
मांडवीपर्यंत उतरली नाही.
कुणीतरी एक कडी काढली होती,
मागच्या चाकाचा हेलकावा मोडला होता,
कुठे कुठे तेल घातलं होतं.
ज्याने साखळी कापली त्याने,
की रंगवणाऱ्याने, की मधल्याच कुणी?
मजुरी द्यायची कुणाला?

न्यायमंदिरापाशी सवयीने अंगठा दाबला.
ती घंटी मुकी होऊन बारा-तेरा वर्षं झालेली,
मी आपली तोंडानेच "अहो, अहो" करत असे.
वाजली.
अनोळखी, तरतरीत, मोठ्या घरच्या पोरीसारखी.

मागून कुणी येतंय वाटून
मीच डावीकडे सरले.