सप्टेंबरच्या पाठीवर

सप्टेंबर संपला की त्याचं पान
मी चुलीत घालत नाही.
पतसंस्थेचं कॅलेंडर, मागची बाजू कोरी.
परातीखाली दाबून चुरगळा काढते
आणि त्यावर आमचं दोन एकर सात गुंठे बसवते.

वर ओढा. खाली थोपट्यांचा ऊस.
उजवीकडे घर, कडेचा बल्ब.
मधे विहीर,
बांगडीभोवती पेन फिरवून काढलेली.

काल दोरीला धोंडा बांधून सोडला.
पावणेतीन परस.
गेल्या साली घट उठले तेव्हा साडेतीन होतं.
म्हणजे गहू नाही.
एवढंच लिहिलं, खाली रेघ ओढली.

पोपटभाऊजी म्हणाले, वहिनी, दहा गुंठे तरी,
घरच्या पोळीपुरता.
म्हटलं, गव्हाला सहा पाळ्या पाणी,
सहाव्या पाळीला दारं धरायला कोण, ते सांगा.
ते बशीतला चहा फुंकत राहिले.
चहा कधीचा निवला होता.

हस्त जाता जाता एक बरी सर टाकून गेला.
आज ढेकूळ उचललं, मुठीत दाबलं, सोडलं.
पडून फुटलं, चिकटलं नाही बोटांना.
वापसा आलाय.
मालदांडी ओढ्याकडच्या काळ्या पट्टीत,
यात दुमत नाही. ती थंडी पिऊन वाढते.

दुमत आहे ते उसाशेजारच्या तुकड्याचं.

भाऊजींना तिथे कांदा हवा. माती खरंच कांद्याची,
भुसभुशीत, हात घातला तर मनगटापर्यंत जाते.
पण कांद्याला पाणी दर आठ-दहा दिवसांनी,
आणि लाईटीचा कागद भिंतीवर चिकटवलाय:
सोमवार ते गुरुवार रात्री साडेनऊनंतर,
शुक्रवारपासून दिवसा.
त्याच्याशेजारी यांच्या कंपनीचा कागद,
फर्स्ट, सेकंड, थर्ड.
दोन्ही कागद एकावर एक धरून उजेडापुढे नेले.
महिन्यातल्या नऊ रात्री अशा,
की मोटर चालू आणि घरात पुरुष नाही.

आणि उसात वाघरू आहे. मादी.
थोपट्यांची कालवड गेली तेव्हा
चिखलात ठसे होते,
एक मोठा, मागे दोन लहान, बशीएवढेही नाहीत.

मग ज्वारी? पण ज्वारी डोक्यावर जाते,
उसाला ऊस जोडल्यासारखं.
तिथे बुटकं हवं,
आरपार दिसणारं, रात्री हाक न मारणारं.
हरभरा.
एक पाणी फुलोऱ्याआधी, एक घाटे भरताना,
दोन्ही शुक्रवारी.

भाऊजी बराच वेळ कागदाकडे बघत होते.
मग म्हणाले, वाघरानंच पीक ठरवलं की.
म्हटलं, पाण्यानं ठरवलं, वायरमननं ठरवलं,
त्याला एकट्याला कशाला नाव.

कांदा विहिरीच्या अंगाला, निम्माच.
बियाणं घरचं, गोटातलं, मोडून बघितलं,
शंभरात एक्क्याऐंशी उगवले ओल्या फडक्यात.
बल्बच्या उजेडात मेथी, कोथिंबीर, दर बारा दिवसांनी एक वाफा,
म्हणजे बाजाराला जाताना पाटी रिकामी नसेल.
बांधाला लसूण.
करडईच्या दोन ओळी ज्वारीच्या कडेनं,
काट्यांमुळे ढोरं आत तोंड घालत नाहीत.

तरीही एक गुंठा उरला.
कशातच बसेना. तिथे काहीच लिहिलं नाही.
आई माझी वाटाणा लावायची असल्या उरलेल्या जागेत,
पण ती जमीन वेगळी होती, आणि पाणी पाटाचं.

सकाळी उठून बघते तर
ईश्वरीनं स्केचपेननं रंग भरलेत.
हरभरा गुलाबी, ज्वारी निळी.
उसात पिवळी मादी, ठिपके जरा जास्तच,
आणि दोन पिल्लं, त्यांना मिशा.
रिकाम्या गुंठ्यात काही काढलं नव्हतं.
विचारलं, तर म्हणाली, तो तुझा आहे ना.

पान भिंतीला लावलं, कागदांच्या मधे.
कोपऱ्यात लिहिलं:
पाभर मंगळवारी. चाडं मी धरणार.