एक हात रोज

क्लाइपेदा. नदीकाठचं गोदाम, क्रमांक नऊ.
पूर्वीचा वापर : मीठ, मग जवसाच्या गोण्या, मग काहीच नाही.
सध्याचा वापर :
ह्या रकान्याशीच माझं पेन थांबलं.

दार अर्धंच उघडलं.
"बिजागरी ठीक आहे," ब्रोन्युस म्हणाला,
"खोली जाडावलीय."
चाळीस वर्षं जहाजं रंगवलेला माणूस,
बोलतोही कडेकडेनं, मध्ये कुठे ठिपका सांडू न देता.

स्काइस्तेनं त्याला कामावर ठेवलं त्याला अकरा वर्षं झाली.
काम एवढंच :
सकाळी चारही भिंतींना एक हात द्यायचा.
चुना, खडूची पूड, दह्याचा चोथा, चिमूटभर रंग.
रंग कोणता, ते त्या दिवशीच्या नदीनं ठरवायचं.
रविवारी सुट्टी.

आधी कोपरे गेले.
मग खिडकीची चौकट बुडाली,
आजारपणात डोळा खोल जावा तशी खिडकी आत आत गेली.
दिव्याचं बटण एका खळग्याच्या तळाशी उरलं,
बोट घालून शोधावं लागतं.
ब्रोन्युस ज्या खिळ्याला टोपी अडकवायचा
त्याचं टेंगूळ झालं,
पुढच्या हिवाळ्यात तेही नाही.
टोपी आता खिशात.

व्हिल्नियसहून संग्रहालयाची माणसं येऊन गेली होती.
चित्र असेल तर उतरवून द्या, म्हणाली.
शिल्प असेल तर वजन सांगा.
स्काइस्तेनं त्यांना
दारातून बाहेर पडताना तिरकं कसं व्हायचं
तेवढं दाखवलं.

मी नगरपालिकेची.
मला सुंदर-बिंदर विचारू नका.
माझ्याजवळ हातोडी, ओळंबा, ओल मोजायचं यंत्र,
आणि छापील कागदावर दोन चौकटी :
भार पेलणारी. भार न पेलणारी.

बाहेरून भिंतीत खिळा टोचून पाहिला.
लाकडानं काहीच हरकत घेतली नाही,
तो डोक्यापर्यंत आत गेला.
विटांची परत माती झालेली.
हिशेबानं हे छप्पर
तीन हिवाळ्यांपूर्वीच पडलं आहे.

आत आले. आतून ठोकलं.
आवाज भरीव.
पुन्हा ठोकलं, जरा वर, जरा डावीकडे.
मग मान वर केली :
तुळईचं टोक जुन्या भिंतीतून सुटून
ह्या रंगावर येऊन बसलं होतं,
दमलेला माणूस परक्याच्या ओट्यावर बसतो तसं,
न विचारता.

"किती हात झाले?"
ब्रोन्युसनं वही काढली.
आजारपणाचे दिवस वजा जाता तीन हजार तीनशे बारा.
"आजचा धरला तर तेरा."

तीन हजार तीनशे बारा हात,
आणि त्यांच्यावर छप्पर.

नियम म्हणतो, धोकादायक बांधकाम रिकामं करा.
नियमच म्हणतो, भार पेलणाऱ्या भिंतीत
परवानगीशिवाय फेरफार नको.
मग उद्याचा हात हा फेरफार,
की उद्या न दिलेला?
साहेबांना फोन लावला. साहेब जेवायला गेले होते.

स्काइस्ते खिडकीच्या बोगद्यात बसून राय-पाव खात होती.
छप्पर वगैरे तिच्या मनातही नव्हतं.
"मला पाहायचं होतं," ती म्हणाली,
"चित्र किती जाड झालं
की त्याची सावली पडते."

"पडली?"

"पडली ना. चौथ्या वर्षी. बोटभर.
मग थांबायचं राहूनच गेलं."

बाहेर पलीकडच्या तीराची फेरी भोंगा देत निघाली.
नदी आज धुतलेल्या पाटीसारखी.
ब्रोन्युसनं बादलीत तसाच रंग कालवला,
शिडी लावली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला,
"धरता का जरा? गुडघा साथ देत नाही."

कागद बगलेत मारला. शिडी धरली.
कुंचला वर गेला, खाली आला,
तुळईच्या टोकाभोवती हळू झाला,
बाळाच्या कानामागून फिरावा तसा.

रकाना अजून कोराच आहे.
निघताना तिरकी होऊ लागले, तर मागून आवाज आला,
"ओली आहे तोवर टेकू नका, बाई.
टेकायचंच असेल
तर उद्या या."