डावा पाय

गांगुर्डे मास्तरांनी पहिल्याच दिवशी
चप्पल काढायला लावली.
"तळव्याला कळलं पाहिजे," म्हणाले,
"डोक्याला नंतर कळलं तरी चालतं."

अंबडचा लिंक रोड, सुट्टीचा वार, सकाळचे साडेसहा.
कारखान्यांची फाटकं बंद.
क्लच सोडला की गाडी बेडकासारखी उडी मारायची
आणि जागेवर मरायची.
सात वेळा.
एक कुत्रं कडेला बसून मोजत होतं.

"ताई, क्लच सोडायचा नसतो.
सोडत आणायचा असतो.
दुधावरची साय काढता ना, तसा."
मी म्हटलं, साय मी हातानं काढते.
"मग आता पायानं काढा."

गाडी ह्यांची.
अकरा वर्षं हेच चालवत होते,
मी डावीकडे बसून डबे धरत होते.
वणीला, सिन्नरच्या लग्नाला, लेकीच्या ॲडमिशनला पुण्याला,
मांडीवरच्या डब्यातला रस्सा कधी सांडला नाही.
गिअर कधी पडला, मला एकदाही कळलं नाही.
वाटायचं, गाडीच चांगली आहे.

श्रावणात दाढी करताना
ब्रश पडला, मग हात पडला, मग पाय.
हात दिवाळीपर्यंत परत आला.
पाय आला नाही.
डावा. क्लचचा.

लोक म्हणाले, ऑटोमॅटिक घ्या.
लोकांचं काय,
हप्ता लोक भरत नाहीत.

मग पोळ्या लाटताना ओट्याखाली
माझा पाय फरशी दाबू लागला,
दाबून हळूहळू सोडू लागला.
देवापुढे हात जोडलेले असताना सुद्धा.
कुठंतरी मध्ये एक जागा असते म्हणे,
धरलेलंही नाही, सुटलेलंही नाही,
तिथं इंजिनाचा आवाज जाड होतो.
मास्तर सांगून सांगून थकले.
मला ती तिसऱ्या आठवड्यात सापडली
आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हरवली.

पहिल्यांदा हे शेजारी बसले
तेव्हा पहिल्यातून दुसरा टाकताना
ह्यांची मान हलली: हो.
दुसऱ्यातून तिसरा: हो, हो.
त्रिमूर्ती चौकात ब्रेक लागला: होच!
इतका होकार मला
सव्वीस वर्षांच्या संसारात मिळाला नव्हता.
तोंडानं मात्र एक शब्द नाही.

फिजिओ पंचवटीत. आठवड्यातून तीनदा.
होळकर पूल ओलांडला की
मालेगाव स्टँडचा चढ,
आणि त्या दिवशी नेमकी चढावर गर्दी तुंबलेली.
पुढं द्राक्षांच्या क्रेटचा टेम्पो,
मागं सिटीलिंकची बस, आरसा भरून.
मी हँडब्रेक ओढून बसले.
घाम कानामागून निघाला.

टेम्पो हलला.
क्लच वर. अजून वर. अजून नाही.
आवाज जाड झाला,
बॉनेटनं नाक जरासं उचललं,
तळव्याखाली काहीतरी जिवंत थरथरलं.
इथं. इथंच थांब.
उजवा पाय थोडा. हँडब्रेक खाली.

गाडी बोटभरही मागे गेली नाही.
जशी काही कुणी तिला
नाव घेऊन बोलावली होती.

आणि तेवढ्यात डावीकडून
रबरी मॅट करकरली.
ह्यांची सँडल.
पुढचा भाग मॅटवर रुतलेला,
आणि सावकाश, अगदी सावकाश
वर येत होता.

धक्क्यानं हलला असेल, म्हणता आलं असतं.
पण धक्का बसलाच नव्हता.

मी दुसरा टाकला. ह्यांची मान जागची हलली नाही.
हे खिडकीतून टेम्पोतली द्राक्षं बघत होते,
भाव विचारायचाय असं तोंड करून.

फिजिओच्या दारात इंजिन बंद केलं,
मास्तरांनी सांगितलेलं तसं गाडी गिअरमध्ये ठेवली,
आणि उतरून, वळसा घालून,
ह्यांच्या बाजूचं दार उघडायला
जरा वेळ लावला.