मेक्वानिंत, अ.

पदोन्नतीचा फॉर्म चार पानी आहे.
तिसऱ्या पानावर माझी सही लागते:
ग्रंथालय, बहिर दार. आकडे तपासले, बरोबर आढळले.

म्हणून गुरुवारी सकाळपासून
डावा डोळा चोळत
मी डॉक्टर अस्नकेच यांना मोजतोय.
निबंध त्रेचाळीस. अडतीस खुपऱ्यांवरचे,
चार मोतीबिंदूचे, आणि एक, का कोण जाणे, चुलीच्या धुरावर,
ज्याला कुणी विचारलेलं नाही.
इतरांनी घेतलेले दाखले एक हजार नऊशे सतरा.
वीज गेली.
आली.
एक हजार नऊशे अठरा.

पहिली अडचण वर्षांची.
आमचं वर्ष जगाच्या सात-आठ वर्षं मागून चालतं,
तेरा महिन्यांचं बिऱ्हाड पाठीवर घेऊन.
त्यामुळे आमच्या पत्रिकेतला त्यांचा पहिला निबंध
कागदोपत्री त्या डॉक्टर होण्याआधीचा ठरतो.
तळटीप लिहिली.

दुसरी अडचण नावाची.
आमच्यात आडनाव नसतं.
आपलं नाव, मग बापाचं, की संपलं.
पण तिकडच्या यंत्राला शेवटचा शब्द तेवढा कळतो,
आणि लिमात, ओस्लोत, मेलबर्नमध्ये
माणसं गंभीर चेहऱ्यानं लिहितात,
मेक्वानिंत यांनी दाखवून दिले की.
मेक्वानिंत यांच्या मते.
मेक्वानिंत मात्र याच्याशी सहमत नाहीत.

मेक्वानिंत आमच्या शेजारच्या गावचा.
नावाचा अर्थ सरदार, धंदा गाबी विणण्याचा,
अक्षरओळख नाही.
गळ्यात मातेबचा काळा दोरा
आणि सुतळीला बांधलेला वेरेंतो, लोखंडी चिमटा,
कारण पापण्यांचे केस आत वळलेले,
दर मिटण्याला बुबुळावर ओरखडा.
माणूस दिवसातून किती वेळा डोळे मिटतो
हे त्याला कुठल्याही निबंधापेक्षा नेमकं ठाऊक होतं.

शाळेतून आली की मुलगी दारात बसायची,
त्याचं डोकं मांडीवर, उजेडाकडे तोंड करून.
उपटायची आणि मोठ्यानं मोजायची.
आम्ही पोरं कुंपणावरून तिच्याबरोबर मोजायचो,
चुकवण्यासाठी.
ती चुकत नसे.
तो म्हणायचा, उपटलेला केस परत येतो
आणि येताना रागावून येतो.

त्यांच्या सर्वांत गाजलेल्या निबंधाचं शीर्षक बावीस शब्दांचं आहे.
दाखले चारशे बारा.
निष्कर्षात तेच वाक्य आहे,
फक्त राग वगळलाय.
आभारांत त्याचं नाव नाही.
तेव्हा तो पुरता आंधळा होऊन, मग वारलाही होता.

दुपारी कळलं, यंत्रानं
अदिसचा एक मेक्वानिंत यांच्यातच मिसळलाय, मातीवाला,
कॉफीच्या मुळांचा.
त्याचे अकरा काढले.
मग फॉर्मचा सातवा रकाना:
स्वतःचेच दाखले वजा करा.

ते एकोणतीस निघाले.
एकोणतीस ठिकाणी त्यांनी स्वतः लिहिलंय,
मेक्वानिंत यांनी पूर्वीच नोंदवले आहे.
माझी पेन्सिल तिथं थोडा वेळ थांबली.

चारच्या सुमाराला त्या आल्या, पावलांना चिखल,
खेड्यातून थेट.
मी म्हटलं, नाव सुलटं करून घेता येतं,
अर्ज करावा लागतो, तीन आठवडे.
त्या पडद्यावर खाली खाली जात राहिल्या.
एवढ्या वेळा कुणी नाव काढलं असतं ना, म्हणाल्या,
तर उचकीनंच गेला असता बिचारा.
आणि हे एकोणतीस?
रकाना आहे ना, मग वजा करा.

केले. एक हजार आठशे अठ्ठ्याहत्तर.
सही केली, शिक्का मारला, शिक्का नेहमीसारखा अर्धाच उठला.
कागद घेऊन त्या दारापर्यंत गेल्या,
वळल्या,
माझ्याकडे पाहत राहिल्या, माझ्याकडे नव्हे, पापणीकडे.

कधीपासून चोळताय?
इकडे या. असं नाही,
उजेडाकडे तोंड करा.