भरलेली गोठत नाही

डॉसन क्रीकला आमचं दुकान.
ट्रेलर, मोटारघरं, त्यांचे सुटे भाग.
नोव्हेंबर लागला की गिऱ्हाईक आटतं,
जे येतं ते घासाघीस करायला,
नाहीतर कॉफी फुकट म्हणून.

त्या दिवशी वेल्मा ट्रॉनरुड आली
नातवाच्या स्लेजवर बॅटरी बांधून,
दोरी मनगटाला दोनदा गुंडाळलेली.
दारातूनच म्हणाली, "ही फुगलीय."

फुगली नव्हती, फुटली होती.
कडेला केसाएवढी चीर, आत बर्फ.
उबेत आणली असती तर सगळं आम्ल फरशीवर;
म्हणून बाहेरच ठेवली, टबात.

"हार्लन काढायचा," ती म्हणाली,
"थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, न चुकता.
आधी काळी तार, मग लाल.
मला वाटे, तळघरात जाऊन बसायला
त्याला निमित्त हवं असतं."

हार्लन सप्टेंबरात गेला.
मी गेलो होतो चर्चमध्ये, सँडविचही खाल्ली दोन.
बॅटरीची आठवण करून द्यायचं
मलाही सुचलं नाही.

मग सांगितलं, जे सगळ्यांना सांगतो:
शिशाची बॅटरी भरलेली असली
तर उणे चाळिसातही गोठत नाही.
रिकामी झाली की आतलं आम्ल पाणचट होतं
आणि पाण्याच्या वळणावर जातं.

"पण मी दिवासुद्धा लावला नाही आत."

नसेल लावला.
पण गॅसचा वास हुंगत बसलेलं ते यंत्र,
रेडिओतलं घड्याळ,
थेंब थेंब पीतच असतात,
कुणी नसलं तरी.

फळीवरची लिथियम दाखवली.
तिने कलिंगड पारखावं तशी उचलली, थापटली,
किंमत ऐकून हळूच खाली ठेवली.
"थंडीत कशी?"
"देत राहते. उणे वीसपर्यंत देते.
पण शून्याखाली तिला काही देऊ नये.
चार्जर लावला तर आतून कायमची बिघडते,
म्हणून शहाणी असेल ती दारच लावून घेते.
आधी ऊब, मग चार्ज."

वेल्मा बराच वेळ गप्प.
"शेजारणी डबे आणून देतात ना," मग म्हणाली,
"माझं अगदी असंच होतं."
आणि हसली, नाक पुसत.

"स्वतःला गरम करणारीही मिळते."
"आणि त्यासाठी वीज?"
"ती लागतेच. कुठूनतरी."

मी विचारलं, नुसती झाकून ठेवायचीय की वापरायचीय?
"फेब्रुवारीत तळ्यावर. दोन रात्री.
मासे त्याला हवे असत, मला कधीच नको होते.
मला तो हीटरचा पंखा,
मध्यरात्री आपसूक सुरू होतो ना, धप्पकन,
तेवढा ऐकायचाय.
एकदा. एकटीने."

पावतीच्या मागे हिशेब मांडला.
पंखा सात अँपिअर, रात्र सोळा तासांची,
निम्मा वेळ चालू धरू.
थंडीत शंभराचे साठच हाती येतात.
म्हणजे दोन. शिशाच्याच, पण बंद पेटीतल्या,
पाणी घालायची कटकट नाही.
एकेक तीस किलो.

तीस ऐकून ती खिडकीबाहेर बघत राहिली.
मग, "स्लेज आहे."

पोचवून देतो म्हटलं तर नको म्हणाली.
पांढऱ्या चिकटपट्टीवर मोठ्या अक्षरात लिहून दिलं:
महिन्यातून एकदा, पूर्ण भर.
तिने ती बॅटरीला नाही,
कोटाच्या बाहीला चिकटवली.

दाराशी थांबून: "जुनीचे किती देणार?"
"पंधरा डॉलर."
"फुटलीय तरी?"
"शिसं शिसंच असतं, वेल्मा."

नोट नीट घडी घालून ठेवली.
दोरी या वेळी खांद्यावरून घेतली.
चढावर दोनदा थांबली,
मी काचेआडून मोजलं.
नंतर कॉफीचं भांडं विसळायला गेलो,
तिसऱ्यांदा थांबली असेल तर
माहीत नाही.