धुण्याची वही, १९४३

सप्टेंबरात बत्तीस जर्सी आल्या.
व्हेलन कॉलेज, मिनेसोटा. जिमखान्याच्या तळघरात
तांब्याचे दोन हंडे, एक पिळायचा रोलर, आणि मी, आर्डिस.
लोकरीला गरम पाणी चालत नाही, रक्ताला तर मुळीच नाही,
आणि साबण जपून.
गावातली चरबी तेव्हा डबे भरभरून
खाटकाकडे जायची, तिथून कारखान्यात,
तिचा म्हणे दारूगोळा व्हायचा.
बेकनच्या तव्यातून थेट तोफेत. मला हे कधी नीट पटलं नाही,
पण डबा मीही नेऊन द्यायचे.

फुटबॉल मला कळत नसे. अजून नाही.
कळायचं ते एवढंच:
गुडघ्यावर हिरवं म्हणजे पडला,
पाठीवर हिरवं म्हणजे पाडला,
आणि जिच्यावर डागच नाही, तो दिवसभर बाकावर होता
आणि घरी पत्रात भलतंच लिहिणार.

ऑक्टोबरातल्या दुसऱ्या बुधवारी ऑरव्हिल हागला बोलावणं आलं.
त्याची सतरा नंबरची माझ्या दोरीवर, ओली.
निरोप घ्यायला दोरीखालून वाकून आला,
बाही चिमटीत धरून म्हणाला, "वाळायला किती लागेल?"
म्हटलं, उद्या संध्याकाळ.
"मग नाही जमायचं," म्हणाला,
जशी काही तेवढीच अडचण होती.

शनिवारी सतरा नंबरात दुसरंच पोरगं.
वयही सतराच. बाह्या बोटांच्या पुढे.
ड्रायर सर एरवी रसायनशास्त्र शिकवायचे, आता संघही;
बाप जर्मनीहून आलेला, म्हणून मैदानात ते कधी ओरडत नसत.
ओरडलं की जुने उच्चार बाहेर येतात, म्हणायचे.
एमेट नोव्होट्नीचा डावा कान गेलेला.
लष्करानं नाकारला, आम्हाला मिळाला.
त्याला खूण द्यायची ती मांडीवर थाप मारून.
गावात बायका थांबवून विचारायच्या,
धडधाकट तर दिसतोस, मग इथे कसा?
तो डावा कान पुढे करायचा. "काय म्हणालात?"
तिसऱ्यांदा विचारायची लाज
त्यांचीच त्यांना वाटेपर्यंत.

नोव्हेंबरात सामना आरमाराच्या तळावर.
पेट्रोलची कूपनं संपलेली, म्हणून दुधाच्या ट्रकमधून गेलो,
कॅनच्या मधे उभी पोरं, कपड्यांच्या गाठोड्यावर मी.
उतरल्यावर मोजली. दहा.
वाटेत कुणी पडलं नव्हतं. निघालोच होतो दहा,
फक्त मोठ्यानं म्हणालं नव्हतं कुणी.
त्यांच्याकडे माणसं उदंड. त्यांनी एक उसना दिला,
थंडीनं कान लाल झालेला, शब्द लांबवून बोलणारा दक्षिणेकडचा.
चौतीस नंबर मीच त्याच्या डोक्यातून ओढली.
नाव विचारायचं राहिलं.

एकसष्ट–सहा.
ते सहा त्याचे. आपल्याच दोस्तांच्या हातांतून निसटत
असा धावला, की समोरची अख्खी बाजू
आधी शिव्या देत होती, मग टाळ्या.
दोन्हीकडून ऐकू आल्या, एमेट म्हणाला.
हंगामभरात आमचे गुण तेवढेच.

अंधार पडला, ट्रक निघाला, चौतीस त्याच्या अंगावरच राहिली.
वहीत लिहिलं: चौतीस, उसनी.
कुणी कुणाला, याला रकाना नव्हता.

पुढच्या वर्षी संघच नव्हता. मैदानात बटाटे लावले.
आणि मार्चात एक पार्सल आलं, जॉर्जियातून,
अक्षर बाईचं. आत चिठ्ठी नाही.
चौतीस. धुतलेली, इस्त्री केलेली,
अशी इस्त्री घाईत होत नाही.
खांद्याची उसवलेली शिवण कुणीतरी घातली होती,
धागा निळा. आमचा रंग मरून.
तिला तो मिळाला नसेल,
किंवा तिनं तो शोधलाच नसेल.

वहीत "परत" लिहायला पेन्सिल उचलली.
जर्सी स्वच्छ होती. नाकाला लावून पाहिली,
घरच्या साबणाचा वास.
तरी मी हंडा भरला,
थंड पाण्यानं.