टाकी भरेपर्यंत

सोहारच्या शोरूममध्ये थंडी फार.
शिजू नावाचा पोरगा टॉर्च घेऊन बाहेर आला,
माझ्या सबर्बनखाली वाकला
आणि वाकूनच विचारलं त्यानं,
"लिटरला किती देते?"
मी म्हटलं, देते कुठली बाबा, घेते.

आठ सिलिंडर. सोळा वर्षं.
घेतली तेव्हा पेट्रोल एकशे वीस बैसा,
पिण्याचं पाणी त्याहून महाग.
हेमलता म्हणायची, या बयेला जेवू घालता घालता
पोरं उपाशी मोठी व्हायची.
पोरं खाऊनपिऊनच मोठी झाली,
पण बोलणं अगदीच खोटं नव्हतं.

माझी नोकरी रिफायनरीत, टाक्या मोजायची.
पट्टी खाली सोडायची, वर ओढायची,
ओल कुठवर आली ते वहीत लिहायचं.
हजारो पिंपांत एक मिलिमीटर चुकला
तर वरून फोन.
संध्याकाळी त्यातलंच थोडं हिच्या घशात ओतून
घरी यायचं,
आणि हिचा हिशेब मात्र कुठल्याच वहीत नाही.

शिजूनं धरला.
पत्रा गंजलेला, गिअर घसरतो,
मागची काच चिकटपट्टीवर.
मी सांगितलं, शाहीन वादळात खाबुराहून
अकरा माणसं आणि दोन बकऱ्या
हिनं बॉनेटभर पाण्यातून काढल्या.
"तरीच गालिच्याला वास आहे," तो म्हणाला,
आणि पंधरा रियाल कमी केले.

गाडीचे दोनशे.
जुनी, जास्त पिणारी मोडीत दिली म्हणून
वर सातशेची सूट.
म्हणजे चालण्यापेक्षा पिण्याला भाव!
आमच्या वाडीतल्या सुभान्याला हे कळतं
तर सुखानं गेला असता बिचारा.

सही केली.
नंबरप्लेटा काढून हातात दिल्या त्यांनी,
वाळूनं घासलेल्या, मेलेले किडे चिकटलेल्या.
नवी गाडी पांढरी, अर्धी विजेवर.
सुरू झाली की नाही
हे तिलाच विचारावं लागतं.

दर गुरुवारी सबर्बन भरायला सात मिनिटं लागायची.
पंपावरच्या मुनीरची गोष्टही तेवढ्याच मापाची.
भोल्याची नदी. तिनं खाल्लेलं घर.
मागे सरून पुन्हा बांधलेलं, पुन्हा खाल्लेलं.
मेहुण्यानं बुडवलेले पैसे, शिरीनचं ठरलेलं लग्न.
मी खिडकीत कोपर टेकून ऐकायचो,
ती पीत राहायची,
आणि नोझल खट् म्हणायचं
तेव्हा तो नेमका श्वास घ्यायला थांबलेला असायचा.
उरलेलं पुढच्या गुरुवारी.

परवा नवी घेऊन गेलो.
त्यानं दारावरून हात फिरवला, छान म्हणाला,
नोझल लावलं.
"काल रात्री शिरीनचा फोन होता.
नदी या खेपेला..."

खट्.

दोघांनीही मीटरकडे पाहिलं.
चार रियाल नव्वद.
मागच्या लँडक्रूझरनं हॉर्न दिला.
"बास?" तो म्हणाला.
मी म्हटलं, बास.

पुढे गेलो, हवेच्या पाइपापाशी गाडी लावली.
चारही चाकांत हवा बरोबर होती.
तरी एकेक टोपण काढत बसलो,
त्याच्यापुढची रांग सरेपर्यंत.